काहून

एप्रिलात विभागाच्या कुलरमधलं पाणी
दुपारी दोनलाच संपतं.
मग नुसता ओल्या वाळ्याचा वास, आणि खडखड.
तीस तारखेला मी निवृत्त होते आहे.
तोवर कपाट रिकामं, चावी भांडारपालाकडे,
आणि ‘संशोधन-सामग्री नष्ट केल्याचा दाखला’
तीन प्रतींत.

एकोणतीस वर्षं गुन्हेशास्त्र शिकवलं.
लग्नाच्या पंगतीत कुणाला कळलं
की हमखास प्रश्न यायचा,
भीती नाही का हो वाटत?
वाटायची ना. पदोन्नतीच्या फायलीची,
ती ज्या टेबलावर अडायची त्या टेबलाची.
कैद्यांनी मला कायम खुर्ची दिली.

पीएचडीसाठी एकशेवीस माणसं विचारली मी
वर्धा रोडवरच्या जेलात.
लुना अजनीच्या पुलावर बंद पडायची,
पिशवीत प्रश्नावल्या, टिफिन, कांदा.
प्रश्न सतरावा:
‘सदर कृत्यामागील प्रेरणा कोणती?’
पहिल्या दिवशी कुणाला कळलाच नाही.
दारावरचा शिपाई म्हणाला, मॅडम,
असं काहून विचारून राहिल्या?
‘काहून केलं बे’ म्हना, सांगते तो बरोबर.
तेव्हापासून तोंडानं काहून,
कागदावर प्रेरणा.
प्रबंधाची तीनशे बारा पानं आहेत.
‘काहून’ त्यात एकदाही नाही.

उत्तरं पाच: गरज, सूड, संधी, नशा, इतर.
इतरपुढे दोन इंचांची रेघ.

एकेचाळीस नंबरचा माणूस मागावरचा, पाचपावलीचा.
मालकाच्या गोदामातून सुताचे गठ्ठे उचललेले.
काहून?
‘काहून म्हनजे? दार उघडं होतं.’
संधी. कोड तीन. मी खूण केली,
पेनाला टोपण लावलं,
आणि मग तो बोलायला लागला.
बराच वेळ बोलला.
एका प्रश्नाला एकच कोड, हा गाईडचा नियम.
तरी समासात, पेन्सिलीनं, बारीक:
मुलगी. गोवर.

आज चेतना आली मदतीला,
चेतना हेडाऊ, माझी शेवटची विद्यार्थिनी.
नियमानं तिला हे गठ्ठे दाखवायला नकोत.
पण माझे गुडघे, आणि वरचा कप्पा.
ती मोजत होती, मी सुतळ्या कापत होते,
खिडकीबाहेर रद्दीवाला ओरडत गेला
अमरावती रोडच्या उन्हात.
एकोणचाळीस, चाळीस.
मग मोजणं थांबलं.

संमतीपत्राखाली सही होती.
शेवटचा ऊ
कुत्र्याच्या शेपटीसारखा वर वळवलेला.
प्रगतिपुस्तकावर दरवर्षी हीच सही असणार
हे मला नंतर सुचलं.
हेडाऊ काय, तिथं गल्लीला दहा.
मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

ती रडली नाही. मलाही काही विचारलं नाही.
कागद नीट वाचला,
मी शिकवलं तसा: आधी समास, मग खुणा.
मग म्हणाली,
‘गोवर नव्हता, मॅडम. कांजण्या होत्या.’
आणि बोट ठेवलं
डाव्या भुवईच्या टोकाशी, जिथं केस उगवत नाहीत.
सहा वर्षं हा चेहरा माझ्यासमोर बसतो आहे.

श्रेडर जुना. एका वेळी चार कागद खातो,
मग तापतो, मग थांबावं लागतं.
साडेपाचपर्यंत एकशे एकोणीस झाले.
एक तिच्या बॅगेत गेला.
बॅगेची चेन मी लावली,
तिचे हात धुळीचे होते.

दाखल्यावर लिहिलं:
एकूण प्रश्नावल्या एकशेवीस, सर्व नष्ट.
सही, शिक्का, तीन प्रती.
खोट्या दस्तऐवजाचं कलम मला पाठ आहे,
जुन्या कायद्यातलं आणि नव्यातलंही.
परीक्षेत दहा मार्कांना विचारलेलं आहे.

आता कुणी वही घेऊन समोर बसलंच,
आणि आलाच सतरावा,
तर काय सांगू, गरज? इतर?
कपाट उघडं होतं, म्हणेन.
मग त्यानं टोपण लावेपर्यंत
थांबेन जरा.