चावलेला घास

वर्षातून दोनदा लहानसं विमान
गोठलेल्या नदीवर घसरत उतरतं
आणि मार्टिना खोका काखेत धरून येते.
माझी बाही आधीच वर सरकवलेली.
एकेचाळीस वर्षं झाली. शीर स्वतःहून पुढे येते,
दारात उभ्या शेजारणीसारखी.

यंदा रक्त घेतलं, पण पिशवी बंद केली नाही तिनं.
ओलिंका, म्हणाली, बस जरा.

एव्हॉन गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता.
पोट कातडी नावेसारखं ताणलेलं,
पायांच्या काटक्या.
यकृतात गाठ, म्हणाले, एवढ्याशा मुलाला!
मी सतराची. त्याच महिन्यात शहरातून चिठ्ठी आली:
तुझ्याही रक्तात तोच.
तोच,
हा शब्द मी तेव्हापासून गिळून बसले.

कारण त्याला दात नव्हते तेव्हा
वाळवलेला सॅमन मीच चावून भरवायचे.
आई जाळ्यांवर असायची.
माझ्या तोंडातला मऊ घास त्याच्या तोंडात,
आणि माझ्या हिरड्यांतून तर रक्त यायचं कधी कधी.
सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं, म्हणाले असते लोक.
मी लोकांना सांगितलंच नाही.

मार्टिनानं पाकिटाच्या पाठीवर वर्तुळ काढलं,
टोकं न जुळणारं.
एवढाच असतो तो, जेमतेम तीन हजार दोनशे अक्षरं.
इतका काटकसरी, की एकाच ओळीतून
दोन दोन अर्थ काढतो.
नक्कल करताना चुकतो, चूक खोडत नाही.
एखादा काना निसटतो, आणि कधी त्यामुळेच वाचतो:
अंगावरची एक खूण उतरवून ठेवली
की पहारेकरी त्याला विसरतात.
तिशीत तुझे डोळे पिवळे झाले होते, आठवतं?
तेव्हा तुझ्या शरीरानं त्याला ओळखलं, झटापट केली.
आता कोपऱ्यात बसून आहे.

कोण जिंकलं?
असं नसतं ते, म्हणाली.

मग तिनं एव्हॉनचं नाव घेतलं.
अँकरेजच्या एका फ्रीझरमध्ये
बोटाच्या पेराएवढं त्याचं रक्त अजून आहे.
मीच सही दिली होती, गेल्या साली, न वाचता.
ते वितळवून अक्षरं लावली त्यांनी.
त्याची माझ्याशी जुळत नाहीत.
एखाददुसरं नाही, घराणंच वेगळं,
जुनं, या खंडातलं,
पोरवयातच गाठ धरणारं.
ते तू दिलं नव्हतंस, ओलिंका.

तीन आठवड्यांचा असताना आमच्याकडे आला तो
नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून,
कागदाशिवाय, जशी आमच्यात मुलं या घरातून त्या घरात येतात.
सशाच्या कातड्यात गुंडाळलेला.
सोबत तेही घेऊन.

हलकं वाटायला हवं होतं.
एवढी वर्षं पोटात बाळगलेला दगड
माझा नव्हताच.
पण त्याच्यामाझ्यात रक्ताचं म्हणून
तेवढं एकच होतं,
असं मी धरून चालले होते.
चहा निवला. विमान गेलं.
पंख्यानं उडवलेला बर्फ खिडकीला चिकटून राहिला.

संध्याकाळी छोटी एव्हॉन आली.
छोटी कसली, चाळिशीची बाई.
तो गेला त्याच्या पुढच्या वसंतात जन्मली,
म्हणून त्याचं नाव तिला.
गेलेल्याचं नाव आमच्यात रिकामं ठेवत नाहीत.
पहिल्याच दिवशी मांडीत लस टोचलेली, यकृत लख्ख.
लेकीच्या वयाची असून मला ताई म्हणते.

फळीवरचा सॅमन मागितला तिनं,
पोटाकडचा, तेलकट. त्यालाही तोच लागायचा.
सुरी सापडेना.
चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं,
दातांनी तोडला,
अर्धा तिच्या हातावर ठेवला.

तिनं न बघता खाल्ला,
बोटं पुसली पॅंटला,
आणि म्हणाली, अजून आहे का?