डाव्या हाताची तर्जनी

साहेब, तुमच्या पेपरातला तो लेख
काल रात्री भाच्यानं वाचून दाखवला, अर्थ लावत लावत.
एका वाक्यापाशी अडला.
मग म्हणाला, "मामा, इथल्या मतदारांनी शेपूट घातलं
असं काहीसं लिहिलंय."

बिबवेवाडी, महापालिका शाळा, खोली क्रमांक सहा.
मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे मी.
एरवी पाटबंधारे खात्यात कारकून.
त्या दिवशी काम एकच, शाई लावायची.

शुक्रवारी पहाटे मार्केट यार्डात,
फुलांच्या बाजारात, टेम्पोखाली ते फुटलं.
सोमवारी मतदान.
मधे आमच्या भागात एकोणीस घरांत चूल पेटली नव्हती.

सातला दार उघडलं तर रांग
घसरगुंडीपासून फाटकापर्यंत,
फाटकाबाहेर, पंक्चरवाल्याच्याही पुढे.
आणि कुणी बोलत नव्हतं.
पुण्यात, साहेब, रांगेत कुणी बोलत नाही,
खरी बातमी तर ही होती.

इक्बाल बागवान आला, केळीच्या गाळ्याचा.
आदल्या रात्री भावाला माती देऊन आलेला.
नखात अजून ती होती.
नियमाप्रमाणे मी बोट पुसायला फडकं पुढे केलं.
म्हणाला, "राहू द्या. हिच्यावरच लावा."
मी लावली.

मग मालनबाई ढमढेरे, शेवंतीवाल्या.
डावा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला, पट्टीला पिवळा डाग.
मी पुस्तिका उघडली.
डावी तर्जनी नसल्यास डाव्या हाताचं दुसरं बोट,
डावा हातच नसल्यास उजवी तर्जनी,
तीही नसल्यास...
कुण्या साहेबानं कधीतरी दिल्लीत बसून
अशा बाईचा विचार करून ठेवला होता
याचं मला त्या घटकेला फार बरं वाटलं.
बाई म्हणाल्या, "भाऊ, वाचन घरी कर.
मागं माणसं खोळंबलीत."

भीती? होती की.
दुपारी बाकाखाली एक बेवारस डबा सापडला.
शिपायानं झाकण उघडेपर्यंत
माझे गुडघे टेबलावर आपटत होते.
आत दोन चपात्या, मेथी.
कुणाचा म्हणून विचारलं तर एक आजोबा ओशाळले.
रांग तेवढ्यापुरती दोन पावलं मागे सरली होती,
मग तीन पावलं पुढे आली.

आठशे एकसष्ट बोटं.
माझ्या टेबलापासून पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत
सहा पावलं होती, मी मोजली.
त्या सहा पावलांत कोण काय मनात घेऊन गेलं,
दुखवटा, संताप, कांद्याचा भाव,
की गल्लीतलं तुंबलेलं गटार,
मला कळलं नाही. नुसता लांबलचक आवाज यायचा यंत्राचा,
की पुढचं बोट.
आणि तुम्हाला म्हणे समुद्रापलीकडून
थेट काळीज दिसलं त्यांचं!

खरं सांगू? निकाल मलाही पटलेला नाही.
माझं टपाली मत ज्याला गेलं
तो अनामत रक्कम घालवून बसलाय,
आणि व्याह्यांशी माझा आठवडाभर अबोला आहे.
पण तो आमच्या ओसरीवरचा वाद.
तुम्ही बाहेरून येऊन
आमच्या सुतकात मार्कं देऊ नका.
बॉम्ब ठेवणाऱ्यांना काय हवं होतं, मला ठाऊक नाही.
तुमच्या लेखात मात्र
त्यांचं नाव अकरा वेळा आलंय,
आमच्यातल्या एकाचंही नाही.

भाचा विचारतो, "मामा, इंग्रजीत उत्तर धाडू का?
काय लिहू?"
लाव म्हटलं तुझं ते यंत्र.
लिही, मालनबाई काल गाळ्यावर होत्या.
एका हातानं शेवंती जोखत होत्या,
दुसऱ्या बाजूचं वजन गिऱ्हाईकच टाकत होतं.
लिही, उजव्या नखावर शाई अजून आहे.
त्यांनी कुणाला दिलं विचारतील,
तर लिही,
शाई लावणाऱ्यालाही ते माहीत नाही.