करडी

जांबोटीच्या पुढं मैलाचे दगड कन्नडात आकडे सांगतात.
पायांना ते वाचता येत नाहीत,
तेवढं बरंय.

फोंडूच्या पाठीवर तंबू, माझ्या पाठीवर तांदूळ, कांदे
आणि दर पावलाला बोलणारं पातेलं.
काजूच्या बागेत बोंडं वेचणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते:
"बस चुकली काय गा?"
नाही म्हटलं तर तिलाच वाईट वाटतं.
पुढच्या मोटरसायकलवाल्याला आम्ही म्हणतो, हो, चुकली.
तर तो टाकीवर सरकतो. बसा, तिघं मावतो.

संध्याकाळी मलप्रभेत घोटाभर पाणी.
त्यातच भात शिजतो,
थोडी वाळू दातांत येते.

अंधारातून बॅटरी घेऊन एक म्हातारा.
"याव ऊर?"
फोंडू खानापूर म्हणतो, मी मंगळवेढं.
तो रानाकडं हात करतो:
"करडी बरतैती."

करडी.
डोळ्यांपुढं मामाचं काळं रान,
पिवळी फुलं, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, घाण्याचा वास.
मी मान डोलावतो,
चांगलं पीक आहे म्हणतो.
फोंडूचा घास हातातच राहतो.
"अस्वल," तो हळूच सांगतो.

म्हातारा इतका हसतो
की उजेड झाडाझाडांवर उड्या मारतो.
मग चुलीत ओंडका सारून
आमच्यातच जेवायला बसतो.

उजाडलं तेव्हा तो नव्हता.
तंबूला टेकवून ठेवलेली त्याची काठी.
आणि कणकुंबीपर्यंत दर वळणावर
फोंडू मला विचारतोय,
यंदा पीक कसंय?