तीस मिलीअँपिअर

उद्यमनगरात, लेथच्या आवाजात
बाबालाल मुजावर काउंटरवर तीन वस्तू मांडतात.
गिऱ्हाईक गंगावेशीचं, गोठ्यातनं थेट आलेलं,
चपलेला अजून शेण.
"ह्यो सारखा पडतोय मिस्त्री. काढूनच टाका."

मिस्त्री आधी चिनीमातीचा फ्यूज उचलतात.
"हा जुना गडी. वेळ आली की स्वतः वितळतो.
मग लोक त्यात जाड तार भरतात,
म्हणतात, मिटली कटकट."

मग एमसीबी. खटका वर, खटका खाली.
"हा वायरचा राखणदार.
जादा भार सोसतो, आतली पट्टी तापून वाकेपर्यंत.
शॉर्ट झालं तर पापणी लवायच्या आत तोडतो.
पण तुमचा ओला हात लागला, तर?
त्याच्या लेखी माणूस म्हणजे झिरोचा बल्ब.
पेटू दे, म्हणतो."

तिसऱ्यावर ते नुसता तळवा ठेवतात.
"गेलं किती, परत आलं किती,
एवढाच ह्याचा हिशेब.
तीस मिलीअँपिअर कमी भरले, की पडला.
कुठं गेले, ते आपण शोधायचं."

गिऱ्हाईक फरशीकडं बघतं.
"कडबाकुट्टीची मोटर गळत असंल," मिस्त्री म्हणतात.
"धार काढताना म्हैस पाय झाडते का?"

"आठवडा झाला."
लेथ थांबतो, मधेच.
"मी काठी घालतोय तिला."

मी टेस्टर, मेगर पिशवीत भरतो.
वाटेत तो माणूस गाडी थांबवतो
आणि काही न बोलता
पेंडीच्या दुकानात शिरतो.