रुमालाखाली

पहाटे साडेपाचला, उदगीरच्या कत्तलखान्याच्या
पत्र्याच्या दाराशी मुनीरभाई वाट बघत असतात.
"तीन हैत आज, मॅडम. तिन्ही भाकड."
माझ्या हातात चहाचा थर्मास. आत चहा नाही,
कोमट मिठाचं पाणी.
ते त्यात बोरांएवढी सहा अंडाशयं सोडतात
आणि मी झाकण लावायच्या आत
स्वतःच घट्ट पिळतात,
परक्याच्या लेकराची टोपी बांधावी तसं.

पैसे घेत नाहीत. एकदाच विचारलं होतं,
"ह्याचं निघतं काय?"
म्हणाले, निघालं की सांगते.
त्याला आता तिसरं वर्ष.

*

लॅबमध्ये पातळ काप, सुया, भिंग.
सालीच्या लगेच आत, जिथं नदर पोचत नाही,
तिथं ती निजलेली:
कच्ची पुटकं, खसखशीहून कितीतरी बारीक,
प्रत्येकाच्या पोटात एक गोल, अजून काहीच न ठरलेलं.
म्हैस जन्मली ती हे सगळं घेऊनच.
माजावर आली, व्याली, आटली, विकली गेली,
ह्यांना कुणी हाक मारली नाही.

एकेक उचलून मी समुद्राच्या शेवाळाच्या
जेलीत ठेवते.
समुद्र न बघितलेल्या गावाची म्हैस.
साडेअडतीस अंश.
दिवसाआड निम्मं पाणी काढायचं, निम्मं नवं घालायचं,
सगळं एकदम बदललं तर बिथरतात.

शनिवारी रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला.
रविवारी अकरा काळी पडलेली.
वहीत लिहिलं, अकरा.
पेन इतका दाबला
की पुढच्या कोऱ्या पानावरही अकरा उमटलं.

*

बाबा हाळीच्या बाजारात चाळीस वर्षं दलाल.
जबडा उघडून वय सांगायचे:
अदात, दोन दाती, चार दाती, जुळलेली.
आणि कास आटलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप,
"रिकामी हाय. काय राह्यलं न्हाई हिच्यात."
तेवढ्यावर सौदा फिरायचा.
माझी फी त्यातूनच गेली, पाचही वर्षं.

परवा आले. मोतीबिंदू काढल्यावर पहिल्यांदाच.
स्टुलावर बसवलं, भिंग त्यांच्या डोळ्याला जुळवलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"दात किती?"
मी हसले. ते नाहीत हसले.
"अदात बी न्हाई म्हण की."
आणि थोड्या वेळानं,
"म्हैस कसली व्हती?"
"भाकड."

त्यांनी डोळा वर केला नाही.
थाप मारायचा उजवा हात तेवढा
टेबलाच्या कडेला
सपाट पडून राहिला.

*

एकविसावा दिवस होता तो.
साठातल्या एकानं आत पाणी धरलेलं,
बोअरला सातशे फुटांवर ओल लागावी तेवढंच,
इंजिनवाल्यालाही खरं न वाटणारं.
ह्यापुढं बीज पिकायचं, फळायचं,
कुण्या दुसरीच्याच पोटात रुजायचं,
मग दहा महिने. त्यातलं काहीच
माझ्या हातून अजून झालेलं नाही.

बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
स्वतःच्या हातावर टाकला, बाजारात टाकायचे तसा.
"सांग. जगली किती?"
शिपाई दाराशी उभा, त्याला कळू नये म्हणून असेल.
मी हात आत घातला
आणि त्यांचं एक बोट धरलं.

एक बोट म्हणजे एक,
की शंभर, की हजार,
रुमाल सांगत नसतो.
ज्याचं त्यानं ओळखायचं, जनावर बघून.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही,
बोटही सोडवून घेतलं नाही.

इनक्युबेटरचं दार किलकिलं राहिलं होतं.
मी ते डाव्या हातानं लोटलं.