विहीर क्रमांक सात

एप्रिल. बर्फ वितळून जमिनीत गेलंय,
पाण्याची पातळी मीटरभर वर,
आणि तिच्या पाठीवर बसून तेलही वर आलंय.

एस्टोनियातलं अल्लिक्वेरे. गावाच्या नावातच झरा.
जंगलापलीकडे जुनी धावपट्टी, काँक्रीटच्या फटींतून बर्च उगवलेले.
विमानं गेली, सैनिक गेले, टाक्यासुद्धा उपटून नेल्या.
केरोसीन राहिलं.
त्याला कुणी परत बोलावलंच नाही.

इथे माती वीतभर. खाली लगेच चुनखडक,
पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ,
भिजून सुकलेल्या वहीसारखा, पानाला पान चिकटलेला,
आणि पानांना छेदत उभ्या चिरा.
वाळूत तेल कसं पसरेल याचा अंदाज बांधता येतो.
चिरेत नाही.
शंभर मीटरवरची विहीर नितळ असते
आणि दोन किलोमीटरवरच्या किटलीला वास येतो.
कुठे पाणी मुरतंय ते शोधणं,
हे माझं पोटापाण्याचं काम.

एंडेल रोहत्लाच्या अंगणात प्रोब सोडते.
चार वीस: सलग शिट्टी. तेल.
चार एकोणतीस: टिक, टिक, टिक. पाणी.
मध्ये नऊ सेंटिमीटर. वहीत लिहिते.

“पूर्वी हातभर असायचं,” एंडेल म्हणतो, जवळजवळ अभिमानाने.
“बादलीने काढायचो. दोन हिवाळे ट्रॅक्टर या विहिरीवर चालला.
बायको म्हणायची, एक तर पाजव नाहीतर पेटव,
दोन्ही कामं एका विहिरीला सांगू नकोस.”

मग कॅमेरा.
सहा मीटरवर काँक्रीटच्या कड्या संपतात,
पुढे मनगटाहून थोडं रुंद, गोल भोक.
भिंतीत एक लांब सरळ कवच, कप्प्याकप्प्यांचं,
ड्रिलने बरोबर मधोमध कापलेलं.
अकरावर राखाडी थर, चिकट, घट्ट.
यानेच वरचं पाणी वर आणि खालचं खाली ठेवलं होतं,
माणूस नव्हता तेव्हापासून.
त्यालाही आरपार भोक.

आणि दिव्याच्या उजेडात
बारीक कण, शेकडो,
सगळे एका संथ गतीने खाली निघालेले.

तेल तरंगतं, खरं आहे. पण थोडं विरघळतं,
आणि विरघळलेलं पाण्याचं ऐकतं.
खालचा थर ओढतो तेव्हा ते खाली जातं.

“मी खोल केली,” एंडेल म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.
“ऐंशी साली. उसन्या ड्रिलने, रात्री.
वाटलं, तेलाच्या खाली चांगलं पाणी असणार.”
होतं?
“चार वर्षं.”

उतारावर, लायलॅकच्या कुंपणापलीकडे लेइदा टाम्मेचं घर.
तिची विहीर पहिल्यापासून खालच्या थरातली.
पंच्याऐंशीत तिच्या गाईंच्या दुधाला वास यायला लागला.
सगळ्या गावाने धावपट्टीकडे बोट दाखवलं.
बोट बरोबर होतं.
फक्त त्याच्या वाटेत हे अंगण येत होतं.

“तिने कधी विचारलं?”
“दर नाताळला डुकराचं मांस पाठवायची,” तो म्हणाला.
“आता मुलगी राहते तिथे.”

अहवालात एक चौकट असते: दूषिताचा मार्ग.
तिच्यात गावाचं नाव लिहिता येतं, खडकाचं लिहिता येतं.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
“लिही ना,” तो म्हणाला. “सात नंबर. आणि एक प्रत खाली दे.”

कॉफी दुकानातल्या बाटलीच्या पाण्याची होती, कडू, चांगली.
मग त्याने विचारलं, बुजवायला किती सिमेंट लागेल.
मी हिशोब केला: भोकाला बावीस गोण्या,
वर चिकणमाती, ठासून.
तो उठून शेडमध्ये गेला.
दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडे होते,
नऊ, साडेबारा, अठरा,
रात्रीमागून रात्र, एकतीसपर्यंत.
त्याखाली त्याने लिहिलं: बावीस.
थोडा वेळ बघत राहिला,
आणि जोराने फुंकर मारली,
दारावर धूळ बसली होती म्हणून.