कलर बार, टेस्ट, सात

ताळगावच्या पठारावर, नाट्यविभागाच्या तळमजल्यावर
माझी खोली. एसी उत्तम, कारण तो मशीनसाठी आहे.
अठरा वर्षं मी एकच वाक्य बोलतोय:
‘रोलिंग. बोल.’
मग कुणी रडतं, कुणी सासऱ्याला जाब विचारतं,
कुणी नाव, गाव, उंची सांगताना
उंचीपाशी अडखळतं.
मी कुठल्याच फ्रेममध्ये नाही.
फक्त पोरांच्या फिल्ममध्ये प्रेत लागलं
की मला झोपवतात.
हाताशी असतो, आणि श्वास धरायला जमतो.

त्या वर्षी दीक्षिता चोडणकर आली ऑडिशनला.
समोरची भूमिका वाचणारा मुलगा आलाच नाही,
म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या बापाला आत घेतलं.
जयवंत. फेरीबोटीवर दोर टाकणारा. ड्युटीवरून थेट,
खाकी शर्ट, खिशाला पेन.
‘तुम्ही फ्रेमबाहेर उभे राहा. फक्त वाचा.’

त्यानं वाचलं. सगळंच वाचलं.
‘मामलेदार, कंसात, थांबतो.’
आणि थांबला.
‘कंसात, खिडकीकडे जातो.’
आमच्या स्टुडिओला खिडकी नाही.
त्यानं इकडेतिकडे पाहिलं
आणि फ्यूजच्या पेटीकडे गेला,
कॅमेरा आणि पोर यांच्या मधून, सावकाश,
ओल्या फळीवरून चालावं तसा.
‘कंसात, किंचित हसतो.’
किंचित हसला.

पोर संवाद विसरली.
चार सेकंद ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली,
अर्जदार नव्हती, कुणीच नव्हती,
मग म्हणाली, ‘पप्पा, वाच फुडें.’

पंचवीसपैकी नऊ. शेरा: लक्ष विचलित होते.

प्रभुदेसाई सर दर जुलैत पहिल्याच तासाला
ती क्लिप दाखवतात.
‘ऑडिशनला काय करू नये.’
मी प्ले दाबतो. वर्ग हसतो.
सर पॉज करतात, मागे नेतात,
जयवंत उलटा चालत फ्यूजच्या पेटीपासून परत येतो,
पुन्हा जातो. वर्ग पुन्हा हसतो.
गेल्या साली मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली,
‘सर, पण तो चांगला आहे.’
घंटा झाली होती.

मी चोडणला राहतो. म्हणजे रोज सकाळी
रायबंदरला उतरताना तोच दोर, तोच हात.
त्याला ठाऊक नाही
की पठारावर तो सात वर्षं खिडकीकडे जातोय.
एकदा त्यानंच विचारलं, फळी टाकता टाकता,
‘आमचें तें शूटिंग आसा मरे अजून?
चेडवाचें काम बरें जाल्लें.
म्हजें सोड.’
ती आता म्हापशाला चष्म्याच्या दुकानात असते.
लोकांना अक्षरं वाचायला लावते, मोठी, मग बारीक.

मार्चमध्ये हुकूम आला: डिस्क भरली,
तीन वर्षांपलीकडचं सगळं पुसा.
मी पुसलं. दोनशे मामलेदार पुसले,
माझी सहाच्या सहा प्रेतं पुसली.
ती एक फाईल नाव बदलून ठेवली,
‘कलर बार, टेस्ट, सात’.
असल्या फाईलीला कुणी हात लावत नाही.
जुलैत सरांना सांगितलं, करप्ट झाली.
सर म्हणाले, अरेरे.

पेनड्राइव्ह तीन आठवडे माझ्या खिशात आहे.
द्यायचा, एवढंच. फेरी टेकते, साखळी वाजते,
स्कूटर सुटतात, तो मान हलवतो, मी मान हलवतो
आणि वर चढतो.

कारण काल रात्री हेडफोन लावून ऐकलं नीट.
तो फ्यूजच्या पेटीपाशी पोचतो तेव्हा
कुणीतरी हसतं.
परीक्षक दूर, काचेपलीकडे होते.
हा आवाज माइकच्या अगदी जवळचा,
आधी दाबलेला, मग सुटलेला.
अठरा वर्षांत त्या आवाजाचं मी
‘रोलिंग. बोल.’ सोडून काही ऐकलं नव्हतं.

तेवढा तुकडा म्यूट करता येतो.
पण त्याच तुकड्यात, त्या हसण्याच्या खालून,
तो वाचतोय:
‘कंसात, किंचित हसतो.’